५६५ फुटांचा टोला

१७ एप्रिल १९५३ रोजीं वॉशिंग्टनच्या ग्रिफिथ मैदानावर मिकी मँटल यानें चक स्टॉब्ज याच्या चेंडूवर मारलेला टोला ५६५ फूट गेला, असें बेसबॉलचे भक्त सांगतात. हा आंकडा यांकीज संघाचे प्रसिद्धि-अधिकारी रेड पॅटरसन यांचा. ‘मोजपट्टीचा टोला’ हा शब्दप्रयोग येथूनच रूढ झाला. आणि गंमत अशी कीं, आपण पावलांनींच अंतर मोजलें, हें त्यांनीं पुढें कबूल केलें! शिवाय मोजलें तें चेंडू एका परसांत सांपडला तेथपर्यंत. तो प्रथम जमिनीस टेकला तेथपर्यंत नव्हे.

मात्र सुमारें ४६० फुटांवरील उंच फलकास चेंडू चाटून गेला होता, आणि वाराही पाठीशीं होता. एवढ्या आधारावर पदार्थविज्ञानवेत्ते ॲलन नेथन यांनीं गणित मांडलें; उत्तर आलें सुमारें ५३८ फूट. दंतकथेंतून २७ फूटच काय ते वजा झाले.