अस्तराचा कर्करोग आणि एक संप्रेरक

वाशीम जिल्ह्यातले इंझोरी घ्या की दुसरे कोणतेही गाव, ‘पिशवीचा कॅन्सर’ या एका नावाखाली दोन निराळे रोग बोलले जातात. एक गर्भाशयाच्या मुखाचा. आपल्याकडे हाच अधिक आढळतो आणि त्याचे मूळ बहुधा विषाणूत असते. दुसरा गर्भाशयाच्या आतील अस्तराचा. त्याचे नाते बरेचदा संप्रेरकांशी असते. म्हणून त्यावरील औषधांचा इतिहास आपल्या पाठ्यपुस्तकातील मासिक पाळीच्या आलेखापासून सुरू करता येतो.

तो आलेख आठवून पाहू. आधी इस्ट्रोजेनमुळे अस्तर वाढते. बीज बाहेर पडल्यावर प्रोजेस्टेरॉन येते व ही वाढ थांबवून अस्तराला पक्व करते. हा लगाम नसताना इस्ट्रोजेन वर्षानुवर्षे एकटेच कार्य करीत राहिले, तर अस्तर जाड होत जाते आणि त्यातून कर्करोग उद्भवू शकतो. मग लगाम बाहेरून घातला तर?

प्राण्यांच्या अवयवांतून प्रोजेस्टेरॉन मिळवणे फार खर्चाचे होते. १९४० च्या दशकात रसेल मार्कर यांनी मेक्सिकोतील रानटी कंदांपासून ते तयार केले. पुढच्या दशकात शरीरात अधिक काळ टिकणारी कृत्रिम रूपे आली. १९६१ मध्ये बॉस्टनच्या रीटा केली व विल्यम बेकर यांनी रोग पसरलेल्या २१ स्त्रियांना असे औषध दिले. सहा जणींच्या गाठी आक्रसल्या. उरलेल्या पंधरा जणींचे काय, हा प्रश्न आम्हांला यशाइतकाच मोलाचा वाटतो. उत्तराचा मोठा भाग पुढे मिळाला: ज्या गाठींच्या पेशींत प्रोजेस्टेरॉनचे ग्राही नसतात, त्या सहसा दाद देत नाहीत. मुख्य उपचार आजही शस्त्रक्रियाच आहे. पसरलेल्या रोगात कार्बोप्लॅटिन व पॅक्लिटॅक्सेल ही जोडी वापरतात. संप्रेरक मुख्यतः निवडक रुग्णांसाठी, उदाहरणार्थ मूल हवे असलेल्या व रोग अगदी प्राथमिक अवस्थेत असलेल्या तरुणींसाठी.

संप्रेरके आणि कर्करोग यांचा विचार आपल्याकडेही चालू होता. पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे (१९१७–२००१) मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात उंदरांवर काम करीत होत्या. त्यांचा विषय स्तनाचा कर्करोग: त्यात आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा संबंध कसा येतो, हा.

स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेन या औषधाने पुढे एक चमत्कारिक वळण दाखवले. स्तनात ते इस्ट्रोजेनला अडवते. गर्भाशयाच्या अस्तरात मात्र थोडेफार इस्ट्रोजेनसारखेच वागते. ते घेणाऱ्यांत अस्तराचा कर्करोग अधिक आढळतो, हे १९८९ मध्ये स्वीडनमधील अभ्यासातून पुढे आले. बहुतेकींच्या बाबतीत औषधाचा लाभ या धोक्याहून मोठा असतो. पण पाळी कायमची थांबल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तर तो वयाचा भाग समजून घरी बसू नये. टॅमॉक्सिफेन न घेणाऱ्या स्त्रियांनाही हे तितकेच लागू आहे, कारण या रोगाची पहिली खूण बहुधा तीच असते.

२०२३ मध्ये दोन मोठ्या चाचण्यांत रसायनोपचारासोबत प्रतिकारशक्तीला मोकळी करणारी औषधे, पेम्ब्रोलिझुमॅब व डोस्टारलिमॅब, दिली गेली. ज्यांच्या गाठींत डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा बिघडलेली होती, त्यांना सर्वाधिक लाभ झाला. त्यामुळे आता गाठीचा तुकडा तपासताना ही यंत्रणा शाबूत आहे की नाही, हेही पाहिले जाते.