मण्यातला दोरा

पुरलेल्या प्रेताच्या कपड्यांवरून माग काढण्याच्या विद्येचं कूळ कापडगिरण्यांत आहे, असं कुणी म्हटलं तर ते चटकन खोडता येत नाही. तंबू आणि ताडपत्र्या किती टिकतील हे पाहायला कापडाचे तुकडे ओल्या मातीत पुरायचे, काही आठवड्यांनी उकरून त्यांची ताकद मोजायची, ही कापडवाल्यांची जुनी चाचणी. तरी माझ्या मते या विद्येची खरी आजी प्रवरेकाठी, नेवाशाला आहे. तिथल्या उत्खननात ताम्रपाषाण काळातल्या एका मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तीन हजारांहून अधिक वर्षं उलटली होती. अंगावर वस्त्र असलंच तर ते पार मातीत गेलं होतं, पण मण्यांच्या आत दोरा शिल्लक होता. तंतूंचे अभ्यासक ए. एन. गुलाटींनी तो तपासला, तर रेशीम आणि कापूस! पुणे जिल्ह्यातल्या चांडोलीला तसल्याच मण्यांत जवसाचा तंतू निघाला. याच गुलाटींनी टर्नर यांच्यासह 1928 साली माटुंग्याच्या प्रयोगशाळेतून मोहेंजोदडोच्या कापसावर टिपण काढलं होतं, आणि ते कापडही धातूच्या भांड्याला चिकटून वाचलेलं.

तांबं गंजलं की त्याचे क्षार तंतूत मुरतात आणि बुरशी-जिवाणूंना ते विष ठरतात. द्राक्षबागेत मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण फवारतात ते याच गुणासाठी. यावर कुणी म्हणेल, दोरा मातीनेच राखला असेल. पण दख्खनची काळी माती चुनखडीची, अल्कधर्मी. तिच्यात रेशीम आणि लोकर टिकत नाही. आम्लधर्मी दलदलीत नेमकं उलट, तिथे लोकर राहते आणि कापूस, जवस विरतात. म्हणजे नेवाशाच्या रेशमाचं श्रेय तांब्यालाच द्यावं लागतं.

यातून निघणारा धडा तपासाच्या दृष्टीने मोठा आहे. डेन्मार्कमध्ये हुल्ड्रेमोसच्या दलदलीत 1879 साली सापडलेल्या बाईचे लोकरीचे कपडे शाबूत होते, आणि त्यांच्या आत तिने काहीच घातलं नव्हतं असं बराच काळ समजलं जाई. पुढे आत घातलेल्या, वनस्पतितंतूंच्या वस्त्राच्या खुणा मिळाल्या. अलीकडच्या कबरीत हीच चूक झाली, तर सुती कपडे कुजून गेलेलं प्रेत विवस्त्र पुरलं असा निष्कर्ष निघेल आणि संशय भलत्याच गुन्ह्याकडे वळेल. म्हणून जाणता तपासनीस आधी पितळी चेन, जीन्सचे रिबिट, हुक, बटणं पाहतो. त्यांच्या गंजात कापडाची वीणसुद्धा उमटलेली असते. कापड किती दिवस टिकतं हे गिरणीच्या चाचणीने सांगितलं, ते शोधायचं कुठे हे मण्याने दाखवलं.

आता पॉलिएस्टरच्या जमान्यात तांब्याची मातब्बरी काय, हा आक्षेप निम्मा खरा आहे. सुती शर्ट विरतो, पण त्याची पॉलिएस्टर दोऱ्याची शिवण मागे राहते आणि तिच्यावरून कॉलर, बाही, खिसा ओळखता येतात. लेबलवरून माप कळतं. तसलं लेबल केव्हापासून वापरात आलं हे ठरलं, तर प्रेत त्याआधी पुरलेलं नाही एवढंच सिद्ध होतं, नेमकी तारीख नव्हे. कुजण्याच्या प्रमाणावरून काळ मोजायला जावं तर शरीरातून झिरपणारे द्रव आडवे येतात. एकाच सदऱ्यात पाठीखालचा भाग आधी जातो आणि खिशातल्या तांब्याच्या नाण्याभोवतीचा तुकडा मागे उरतो.