दूरध्वनी आणि मतपेटी
(मिशिगनमधील मुसलमानांच्या मतदान-मोहिमांचा इतिहास)

मताचा अधिकार कायद्याने मिळतो. पण तो बजावण्याची सवय समाजाला स्वतःच लावून घ्यावी लागते. ही सवय लावण्याचे काम सभांतील भाषणांपेक्षा याद्या करणे, नावे तपासणे, पुन्हा पुन्हा विचारणे अशा कंटाळवाण्या कामांतून अधिक होते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, डेट्रॉइट शहराच्या परिसरात, गेल्या शंभर वर्षांत जो मुस्लिम समाज उभा राहिला, त्याने हे काम कसे शिकून घेतले आणि त्यात टेलिफोनसारख्या घरगुती वस्तूचा उपयोग कसा केला, याचा थोडक्यात परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

प्रारंभी एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या देशात मतदारयादी तयार करणे ही सरकारची जबाबदारी मानली गेली आहे. त्यासाठी सरकारी कर्मचारी घरोघर फिरतात. अमेरिकेत हा भार परंपरेने नागरिकावरच टाकलेला आहे. वयाची १८ वर्षे पूर्ण झाली, नागरिकत्व मिळाले, तरी अनेक राज्यांत आपले नाव आपणच नोंदवावयाचे असते. शिवाय मतदानाचा दिवस १८४५ च्या कायद्याने नोव्हेंबरातील पहिल्या सोमवारनंतरचा मंगळवार असा ठरला आहे आणि त्या दिवशी राष्ट्रीय सुटी नसते. कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, भाषा नीट न येणाऱ्या नवागताचे मत अशा व्यवस्थेत कोणी हिरावून घ्यावे लागत नाही. ते आपोआपच वाया जाते. ‘मतदानाला चला’ ही हाक तेथे एवढ्या संघटितपणे द्यावी लागते, याचे मूळ येथे आहे.

कारखाना, मशीद आणि मोहल्ला

हेन्री फोर्ड यांनी १९१४ साली कामगारांना दिवसाला ५ डॉलर मजुरी जाहीर केली, तेव्हा जगभरच्या कष्टकऱ्यांचे पाय डेट्रॉइटकडे वळले. त्यांत लेबनॉन, सीरिया, येमेन या भागांतले अरबही होते. हायलंड पार्क येथील कारखान्याजवळ १९२१ साली मशीद उभारली गेली. पुढे फोर्डचे मोठे काम डिअरबॉर्न येथील रूज नदीकाठच्या कारखान्यात गेले आणि त्यापाठोपाठ वस्तीही सरकली. १९३८ च्या सुमारास तेथेही मशिदीसाठी जमात उभी राहिली. दुसरीकडे, याच डेट्रॉइटमध्ये १९३० साली ‘नेशन ऑफ इस्लाम’ ही कृष्णवर्णीयांची चळवळ जन्माला आली. एलिजा मुहम्मद यांच्या नेतृत्वाखाली तिचे अनुयायी निवडणुकांपासून बहुतांशी अलिप्तच राहिले. माल्कम एक्स यांनी १९६४ साली त्या संघटनेतून बाहेर पडल्यावर कृष्णवर्णीयांना मतपत्रिकेच्या सामर्थ्याची जाणीव करून दिली. आणि १९७५ साली एलिजा मुहम्मद यांच्या निधनानंतर त्यांचे पुत्र वारिस दीन मुहम्मद यांनी अनुयायांना मुख्य प्रवाहातील इस्लामकडे व नागरी जीवनाकडे वळविले. म्हणजे येथील मुस्लिम समाज एकजिनसी नव्हता. त्यात अरब होते, कृष्णवर्णीय होते, पुढे बांगलादेशी, पाकिस्तानी व भारतीयही आले. ही गोष्ट मोहिमांच्या इतिहासात वारंवार आडवी येते.

डिअरबॉर्नमध्ये अरब वस्ती वाढली, तरी नगरपालिकेत तिचा आवाज नव्हता. १९७१ साली स्थापन झालेल्या ‘ॲक्सेस’ या सेवासंस्थेने इंग्रजीचे वर्ग, आरोग्य, सरकारी कागदपत्रे अशा कामांना सुरुवात केली. १९८५ च्या महापौर-निवडणुकीत मायकेल गीडो या उमेदवाराने ‘अरब समस्या’ या मथळ्याचे पत्रक मतदारांच्या घरी धाडले. समस्या म्हणून ज्यांचा उल्लेख झाला ते त्याच शहराचे करदाते व कामगार होते. उमेदवार निवडून आला आणि २००६ साली मृत्यू येईपर्यंत महापौरपदावर राहिला. या पत्रकाने अरब नागरिकांना जो धडा दिला तो कोणत्याही व्याख्यानाने दिला नसता. ज्याची मते मोजावी लागत नाहीत, त्याच्याविषयी काहीही छापता येते.

तीनच वर्षांनी, मार्च १९८८ मध्ये, मिशिगनच्या डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडीत जेसी जॅक्सन विजयी झाले. अरब मतदारांची मते मोकळेपणाने मागणारे ते पहिले मोठे उमेदवार. डिअरबॉर्नचे अरब त्यांच्यासाठी मोठ्या संख्येने बाहेर पडले. ज्या वस्तीला आतापर्यंत कोणी विचारले नव्हते, तिला विचारताच ती आली, एवढाच या घटनेचा अर्थ आहे.

नागरिक असल्याची शपथ

डेट्रॉइटच्या कुशीत हॅमट्रॅमक नावाचे एक चिमुकले शहर आहे. एके काळी ते पोलिश कामगारांचे होते. पुढे येमेनी व बांगलादेशी कुटुंबे तेथे वसली. नोव्हेंबर १९९९ च्या निवडणुकीत काही मंडळी मतदान केंद्रांवर बसली आणि सावळा वर्ण, अरबी वा मुस्लिम नाव दिसले की त्या मतदाराच्या नागरिकत्वावर हरकत घेऊ लागली. चाळीसहून अधिक मतदारांना मत देण्यापूर्वी आपण अमेरिकन नागरिक आहोत अशी शपथ घ्यावी लागली. काहींनी पासपोर्ट दाखवूनही त्यांची सुटका झाली नाही. संघराज्याच्या न्यायखात्याने शहरावर दावा दाखल केला आणि २००० साली तडजोडीचा हुकूमनामा झाला. त्यानुसार मतदान केंद्रांवर अरब व बंगाली अधिकारी नेमणे शहराला भाग पडले.

अशा प्रसंगी माणूस घाबरून घरी बसला असता तर नवल नव्हते. हॅमट्रॅमकमध्ये उलट घडले. मतदारांची संख्या वाढली, बांगलादेशी उमेदवार नगरपरिषदेत निवडून येऊ लागले; २०११ मध्ये मताधिकार कायद्याच्या भाषाविषयक कलमानुसार तेथे बंगालीतून मतपत्रिका देणे बंधनकारक झाले. हे कलम १९७५ चे. त्यात आशियाई भाषा बसतात, अरबी मात्र बसत नाही. म्हणून डिअरबॉर्नला अरबी मतपत्रिकेसाठी २०२२ साली आपल्या नगरपरिषदेत स्वतंत्र ठराव करून घ्यावा लागला. तोपर्यंत फोनवरून अरबीत समजावून सांगणारा स्वयंसेवक हीच अनेक वृद्धांची मतपत्रिका वाचण्याची सोय होती.

एका पाठिंब्याची कथा

राष्ट्रीय पातळीवर २००० सालची निवडणूक हा एक टप्पा ठरला. जॉर्ज बुश यांनी ऑक्टोबरातील वादसभेत अरब-अमेरिकनांवर होणाऱ्या संशयी वर्तनाचा व गुप्त पुराव्याच्या वापराचा निषेध केला; त्यानंतर काही मुस्लिम संघटनांच्या समन्वय मंडळाने त्यांना जाहीर पाठिंबा दिला. फ्लॉरिडा राज्य व त्यासह अध्यक्षपद बुश यांनी अवघ्या ५३७ मतांनी जिंकले. पण कृष्णवर्णीय मुसलमानांचा कल दुसरीकडे होता आणि हा निर्णय आपल्याला न विचारता झाला, ही तक्रार त्यांनी उघडपणे केली. ११ सप्टेंबर २००१ नंतर जी धरपकड व पाळत सुरू झाली, तिने त्या पाठिंब्याची चव कडू केली. या अनुभवातून अनेक संस्थांनी आपला रोख बदलला. कोणाला मत द्यावे हे सांगण्याऐवजी मत द्याच, एवढे सांगण्यावर भर आला. कायद्याचीही यात साथ होती. १९५४ पासून अमेरिकेत करमुक्त धर्मादाय संस्थांना, म्हणून मशिदींनाही, उमेदवाराचा प्रचार करण्यास बंदी आहे; पक्षनिरपेक्ष मतदार-जागृतीस मात्र ती नाही.

यादी आणि आवाज

आता प्रत्यक्ष फोनच्या कामाकडे वळू. पहिली गरज यादीची. मतदारनोंदीची यादी मिळते, पण तीत धर्माचा रकाना नसतो. म्हणून कार्यकर्ते नावांवरून निवड करतात. या रीतीत दोन्हीकडून चूक होते. अरब ख्रिस्ती कुटुंबाला मुसलमान समजून फोन जातो. आणि इंग्रजी नाव धारण करणारा कृष्णवर्णीय मुसलमान यादीतून गळतो. २०१७ च्या प्यू संस्थेच्या पाहणीनुसार अमेरिकेत सुमारे ३४.५ लाख मुसलमान होते आणि प्रौढांपैकी पाचवा हिस्सा कृष्णवर्णीयांचा होता. एवढा मोठा भाग निसटू द्यावयाचा नसेल, तर यंत्राच्या यादीला मशिदीच्या, शाळेच्या, शेजाऱ्याच्या यादीची जोड द्यावीच लागते.

दुसरी गरज माणसाच्या आवाजाची. १९९८ मध्ये न्यू हेवन शहरात ॲलन गर्बर व डोनाल्ड ग्रीन या अभ्यासकांनी सुमारे तीस हजार मतदारांवर प्रयोग करून पाहिला. दारात जाऊन भेटल्याने मतदान वाढले. भाडोत्री फोनवाल्यांनी मजकूर वाचून दाखविल्याने जवळजवळ काहीच वाढले नाही. पुढे डेव्हिड निकरसन यांनी दाखवून दिले की सावकाश, संभाषणाच्या सुरात बोलणाऱ्या स्वयंसेवकांच्या फोनने मात्र फरक पडतो. निकरसन व टॉड रॉजर्स यांनी २००८ मध्ये पेन्सिल्व्हेनियात आणखी एक गोष्ट तपासली. मतदाराला ‘किती वाजता जाणार, कोठून जाणार, त्याआधी काय करीत असाल’ असे तीन प्रश्न विचारले, तर ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांच्यात मतदान सुमारे चार टक्क्यांनी वाढले. प्रश्न किरकोळ आहेत. पण त्यांची उत्तरे देताना माणूस मनातल्या मनात घरातून केंद्रापर्यंत चालून येतो.

मुस्लिम वस्तीतील मोहिमांना हे तत्त्व सोयीचे पडले. पलीकडून सलाम ऐकू आला आणि बोलणारी मुलगी आपल्याच बोलीत बोलू लागली, की फोन लगेच ठेवला जात नाही. कायद्यानेही हाताने फोन लावणाऱ्या माणसालाच महत्त्व दिले. संमतीवाचून यंत्राने मोबाईलवर आपोआप फोन लावण्यास १९९१ च्या कायद्याने निर्बंध आहेत.

महामारीचे वर्ष

२०१६ मध्ये मिशिगनचा निकाल १०,७०४ मतांनी लागला. एका मोहल्ल्याच्या निष्काळजीपणाने राज्याचा निकाल फिरू शकतो, हे या आकड्याने सर्वांना शिकविले. २०१८ साली मिशिगनच्या मतदारांनी कौल देऊन कोणत्याही कारणाशिवाय टपाली मतदानाचा व मतदानाच्या दिवशीही नावनोंदणीचा हक्क मिळविला. त्याच वर्षी डेट्रॉइटच्या रशीदा तलैब व मिनेसोटाच्या इल्हान उमर या प्रतिनिधिगृहात निवडून गेलेल्या पहिल्या दोन मुस्लिम महिला ठरल्या.

मग २०२० चे महामारीचे वर्ष आले. रमजानात मशिदी बंद, जुम्याची गर्दी नाही, दारोदार फिरणे धोक्याचे. ‘एमगेज’ या संघटनेने ‘दहा लाख मुस्लिम मते’ या नावाची मोहीम चालविली आणि तिचा भार फोन व संदेशांवर पडला. संभाषणाचा विषयही बदलला. टपाली मतपत्रिकेसाठी अर्ज केला काय, ती आली काय, लिफाफ्यावर सही केली काय, ती नोंदीतील सहीशी जुळते काय, असे प्रश्न विचारावे लागले. सही राहिली म्हणून मत बाद होण्याचा धोका सर्वांनाच होता. इंग्रजी सूचना न वाचता येणाऱ्यांना तो अधिक. त्या वर्षी मिशिगनमधील निम्म्याहून अधिक मते टपाली होती.

मतदार कोणाचा नसतो

मोहिमेने जागा केलेला मतदार आपल्या मुठीत राहील, असे जे समजले त्यांची २०२४ मध्ये निराशा झाली. गाझातील युद्धाच्या निषेधार्थ फेब्रुवारीत मिशिगनच्या पक्षांतर्गत मतदानात ‘कोणाशीही बांधील नाही’ हा पर्याय निवडा, अशी हाक काही कार्यकर्त्यांनी दिली. मोहिमेला वेळ मिळाला सुमारे तीन आठवडे. फोन, मशिदीबाहेरची पत्रके, घरभेटी यांवर ती चालली. उद्दिष्ट १० हजार मतांचे होते; पडली एक लाखाहून अधिक. डिअरबॉर्नमध्ये तर निम्म्याहून जास्त मते त्या पर्यायाला गेली. नोव्हेंबरात त्याच शहराची मते तीन वाटांनी गेली. ट्रम्प यांना सुमारे ४२ टक्के, हॅरिस यांना ३६, आणि जिल स्टाइन यांना १८. हा निकाल कोणाला रुचेल, कोणाला नाही. पण चार दशकांपूर्वी ज्यांना ‘समस्या’ म्हटले गेले, त्यांच्या दाराशी २०२४ मध्ये सर्व पक्षांचे लोक आले, हे निर्विवाद आहे. त्याआधी २०२१ मध्येच डिअरबॉर्नने अब्दुल्ला हम्मूद यांना महापौर निवडले होते, आणि त्याच वर्षी हॅमट्रॅमकची संपूर्ण नगरपरिषद मुस्लिम सदस्यांची झाली.

या प्रवाहाचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आलेले पहिले मुस्लिम, जोहरान ममदानी, यांचे वडील महमूद ममदानी यांचा जन्म १९४६ साली मुंबईत झाला. जोहरान यांची मोहीमही मुख्यतः स्वयंसेवकांच्या घरभेटी आणि फोन यांवर उभी होती.

आपल्यासाठी

आपली परिस्थिती निराळी आहे. धर्माच्या नावाने मत मागणे आपल्या कायद्याने गैर ठरविले आहे आणि ते योग्यच आहे. मत कोणाला द्यावे हे सांगण्याचे काम शिक्षणसंस्थेचे नव्हे. परंतु यादीत नाव आहे की नाही, हे पाहण्यास कोणाची हरकत असणार? १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी देशातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून वगळावी लागली. कारण त्यांनी ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची मुलगी’ यापलीकडे आपले नाव सांगितलेच नाही. त्या स्त्रियांच्या नाती-पणती शाळा-महाविद्यालयांत शिकत आहेत. नावातील चूक, बदललेला पत्ता, लग्नानंतर सासरच्या यादीत न चढलेले नाव, या आजच्या अडचणी आहेत. निवडणूक आयोगाचा १९५० हा साहाय्य-क्रमांक आहे. नवीन नावासाठी ६ क्रमांकाचा अर्ज आहे. एका विद्यार्थिनीने आपल्या नात्यातील दहा घरांना फोन करून एवढेच विचारावे, ‘खालाजान, तुमचे नाव यादीत आहे ना? मतदानाला किती वाजता निघणार?’ हॅमट्रॅमकच्या येमेनी आणि बंगाली मुलींनी याहून अधिक अवघड असे काही केलेले नाही.