सशाचा कॅमेरा आणि न दिसणारी कात्री

अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यात हिवाळा सरता सरता मॅपलच्या झाडांतून रस झिरपू लागतो. तो गोळा करून आटवला की त्याचा पाक आणि साखर होते. बस्टर नावाचा कार्टून ससा ही साखर पाहायला तिथे गेला. ‘पोस्टकार्ड्स फ्रॉम बस्टर’ ही २००४ मध्ये पीबीएस या सार्वजनिक दूरचित्रवाणीवर सुरू झालेली मुलांची मालिका. ससा रंगवलेला, पण त्याच्या कॅमेऱ्यात येणारी मुले आणि घरे खरी. व्हरमाँटमधल्या मुलांच्या घरी दोन दोन आया होत्या. भागात समलिंगी संबंधांवर एक अक्षरही नव्हते. एवढ्या आया पाहून ससा जरा चकित होतो आणि पुन्हा साखरेकडे वळतो.

हा भाग देशभर दाखवला गेला नाही. जानेवारी २००५ मध्ये नव्यानेच शिक्षणमंत्री झालेल्या मार्गारेट स्पेलिंग्ज यांनी पीबीएसला पत्र लिहिले. असे जीवन आपल्या लहान मुलांना दाखवले जावे, असे अनेक पालकांना वाटणार नाही, हा त्यांचा मुद्दा. आणि या भागावर खर्च झालेला सरकारी पैसा परत करण्याचा विचार करा, ही सूचना. भाग न पाठवण्याचा निर्णय पत्र हाती पडण्यापूर्वीच झाला होता, असे पीबीएसने सांगितले. हे खरे मानले, तर प्रश्न अधिकच गंभीर होतो. आदेश येण्याआधीच तो पाळला गेला, असा त्याचा अर्थ.

कायदा काय सांगत होता? १७९१ची पहिली घटनादुरुस्ती सरकारला अभिव्यक्तीवर बंधन घालू देत नाही. १९६७च्या सार्वजनिक प्रसारण कायद्याने तर संघराज्याच्या कोणत्याही खात्याला वा अधिकाऱ्याला या प्रसारणावर नियंत्रण ठेवण्याची स्पष्ट मनाई केली आहे. म्हणजे मंत्र्यांना भाग थांबवता येत नव्हता. पण मालिकेचा पैसा शिक्षण खात्याच्या अनुदानातून येत होता. बंदी न घालता हिशेब मागता येत होता, आणि तेवढे पुरले.

या कात्रीला जुना इतिहास आहे. नोव्हेंबर १९८९ मध्ये एबीसीच्या ‘थर्टीसमथिंग’ मालिकेत दोन पुरुष पलंगावर बसून बोलताना दिसले, एवढ्यावर जाहिरातदारांनी माघार घेतली. एबीसीचे दहा लाख डॉलरहून अधिक नुकसान झाले आणि त्या भागाचे पुनःप्रसारण टळले. १९९४ मध्ये पीबीएसने ‘टेल्स ऑफ द सिटी’ दाखवली. चॅटानूगाच्या केंद्राला बाँबची धमकी आली आणि तिथले प्रसारण रद्द झाले. मालिकेला प्रेक्षक भरपूर मिळाले, तरी पुढच्या भागासाठी पीबीएसने पैसे दिले नाहीत. ३० एप्रिल १९९७ रोजी ‘एलेन’ मालिकेची नायिका आपण समलिंगी असल्याचे सांगते, तो भाग सुमारे ४ कोटी २० लाख लोकांनी पाहिला. अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहराच्या केंद्राने मात्र तो दाखवला नाही. तिथल्या लोकांनी सभागृह घेऊन, उपग्रहावरून प्रक्षेपण मिळवून तो एकत्र पाहिला. पुढच्या हंगामात एबीसीने काही भागांआधी पालकांसाठी इशारा दाखवला, आणि १९९८ मध्ये मालिका बंद झाली.

या चारही प्रसंगांत न्यायालयात नेता येईल असा बंदीहुकूम कुठेच नाही. जाहिरातदार म्हणतो, पैसा माझा. केंद्र म्हणते, परवाना माझा. मंत्री म्हणतात, कर जनतेचा. प्रत्येकाचे म्हणणे सुटे पाहिले तर त्यात तथ्य आहे. कोणत्या कामाला पैसा द्यायचा हे सरकारने ठरवू नये, असे कोण म्हणेल? पण देशातली विविधता मुलांना दाखवणे, हाच बस्टरच्या मालिकेचा हेतू होता. त्याने मुस्लिम, मॉर्मन, सनातनी ज्यू आणि पेंटेकोस्टल ख्रिस्ती कुटुंबेही दाखवली होती. त्यांच्यासाठी कुणी पैसे परत मागितले नाहीत. एकाच प्रकारच्या घरापाशी हिशेबाची वही उघडली, म्हणजे आक्षेप खर्चाला नव्हता. शिवाय व्हरमाँटने २००० मध्येच समलिंगी जोडप्यांच्या नागरी बंधनाला मान्यता दिली होती. राज्याच्या कायद्याने जे घर मान्य केले होते, ते देशाच्या पडद्यावर मात्र अमान्य ठरले.

अशा कात्रीचे खरे नुकसान मोजता येत नाही. कापलेला भाग दिसतो, त्यावर वाद होतो. पण पुढच्या वेळी लेखक ते पात्र लिहीतच नाही, निर्माता त्या घराचे दार वाजवतच नाही, आणि जे घडलेच नाही त्याची नोंद कोणत्याही दप्तरात राहत नाही. बंदी निदान आव्हान देण्याजोगी असते; धास्तीविरुद्ध दावा दाखल करता येत नाही.

तरीही २ फेब्रुवारी २००५ रोजी बॉस्टनच्या डब्ल्यूजीबीएच या निर्मात्या केंद्राने तो भाग दाखवला आणि मागेल त्या केंद्राला दिला. पीबीएसच्या सुमारे साडेतीनशे केंद्रांपैकी पन्नासहून अधिक केंद्रांनी तो लावला. उरलेल्या गावांतल्या मुलांना साखर कशी होते हे दुसरीकडे कुठेतरी कळले असेल. पण त्यांच्यातल्या ज्यांच्या घरी दोन आया होत्या, त्यांना आपल्यासारखे घर पडद्यावर दिसायचे राहून गेले. आपल्या घरात मोठ्यांनी लपवावे असे काहीतरी आहे, एवढे मात्र ती नक्की शिकली असतील.