आवाजाचा माग

श्रोतेहो, आपण गिरगावात असा की रायपूरच्या भनपुरीत, एक प्रयोग करून पाहा. ट्रान्झिस्टरवर मध्यम लहरींचे एखादे केंद्र लावा आणि संच हातात धरून सावकाश स्वतःभोवती फिरा. एका स्थितीत आवाज अगदी क्षीण होईल. त्या वेळी संचातल्या फेराइटच्या कांडीचे टोक केंद्राच्या रोखाने असते.

दडलेल्या प्रक्षेपकाचा शोध घेणारे घरगुती यंत्र तरी दुसरे काय असते? लाकडी चौकटीवर तारेचे काही वेढे, आणि त्यांना जोडलेला रेडिओ. गंमत अशी की, नेमकी दिशा कळते ती आवाज चढतो तेथे नव्हे, तो विझतो तेथे. दोन जागांवरून काढलेल्या अशा रेषा नकाशावर जेथे छेदतात, तेथे प्रक्षेपक सापडावा. या विद्येने वाट चुकलेल्या जहाजांना किनारा दाखविला आहे.

हीच विद्या १९४२ साली मुंबईत देशभक्तांच्या मागे लागली. ९ ऑगस्टला नेते गजाआड गेले, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. अशा वेळी बावीस वर्षांच्या उषा मेहता, विठ्ठलदास झवेरी, चंद्रकांत झवेरी, बाबूभाई खाखर या मंडळींनी गुप्त प्रक्षेपक उभारला. २७ ऑगस्टला ४२.३४ मीटरवर ‘काँग्रेस रेडिओ’ बोलू लागला. राममनोहर लोहियांचे मार्गदर्शन होते. आष्टी-चिमूरच्या अत्याचारांची जी वार्ता छापणे अशक्य होते, ती या लहरींवरून घरोघर गेली.

पोलिसांच्या शोधक गाड्या मागावर होत्या. परंतु चौकट फिरवून दिशा धरायला अवधी लागतो, आणि दुसरी रेषा काढीपर्यंत आवाज चालू असावा लागतो. म्हणून कार्यक्रम थोडा वेळ चाले आणि बिऱ्हाड वारंवार हलविले जाई. या साध्या सावधगिरीवर अडीच महिने निभावले.

१२ नोव्हेंबरच्या रात्री गिरगावातल्या पारेखवाडीत पोलीस दारे फोडून आत शिरले, तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. ती थांबविण्याचा हुकूम उषाबेनांनी मानला नाही. पोलिसांना हा पत्ता मिळाला होता तो पकडल्या गेलेल्या एका तंत्रज्ञाकडून. तारेच्या वेढ्यांना जे साधले नाही, ते माणसाच्या एका शब्दाने साधले.

उषाबेनांना चार वर्षांची शिक्षा झाली, येरवड्याचा तुरुंग घडला. चौकशीत त्यांनी मात्र तोंड उघडले नाही. दिशा शोधणाऱ्या यंत्राला निदान एखादा आवाज तरी लागतो. त्या मौनापुढे त्याचा काय इलाज चालणार?