हाकलून न देणारी माणसं

मागच्या दिवाळीत लेकीकडे नाशिकला गेले होते. धाकटी नात तिसरीत आहे. शाळा इंग्रजी, त्यामुळे मराठी वाचताना जोडाक्षर आलं की गाडी अडते. एका दुपारी आतल्या खोलीतून तिच्या वाचण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर बाईसाहेब जमिनीवर पालथ्या पडून गोष्टीचं पुस्तक वाचताहेत आणि समोर घरचा कुत्रा पुढच्या पायांवर डोकं टेकून, डोळे अर्धवट मिटून पडलाय. 'प्रत्यक्ष' हा शब्द आला. तो 'प्रत्यश' असा वाचून ती खुशाल पुढे गेली. आता पस्तीस वर्षं शिकवलेली बाई गप्प बसेल का? मी दारातूनच म्हटलं, "प्रत्यक्ष, बाळा. क्ष म्हण."

पुस्तक मिटलं. "मी नाही वाचत आता," म्हणून ती उठून गेली. कुत्राही तिच्या मागोमाग गेला आणि मी एकटीच दारात उभी राहिले.

त्या रात्री झोप येईना. चाळीस वर्षांपूर्वी माझ्याकडून असंच, पण याहून फार वाईट घडलं होतं, ते आठवत राहिलं. ते सांगणारच आहे. पण आधी थोडा इतिहास सांगते, कारण तो वाचल्यावरच मला माझी चूक नीट कळली. मी मराठी माध्यमातली, इतिहास घेऊन बी.ए. झालेली. मोठी नात मानसशास्त्र शिकते, तिने काही इंग्रजी कागद आणून दिले. शब्दकोश शेजारी घेऊन महिनाभर वाचत बसले होते.

सुरुवात इंग्लंडातल्या यॉर्क शहरापासून करते. त्या काळी वेड्यांच्या इस्पितळात माणसांना साखळदंडानं बांधत, फटके मारत. १७९० साली यॉर्कच्या अशाच एका इस्पितळात क्वेकर पंथाची एक विधवा बाई मरण पावली. तिच्या माणसांना तिला भेटूही दिलेलं नव्हतं. त्याच पंथाचा, चहा-कॉफीचा व्यापार करणारा विल्यम ट्यूक हा गृहस्थ त्यामुळे अस्वस्थ झाला आणि पैसे जमवून त्याने १७९६ साली 'रिट्रीट' नावाचं वेगळं घर उघडलं. तिथे साखळ्या नव्हत्या. अंगणांतून ससे, कोंबड्या, समुद्रपक्षी, ससाणे मोकळे ठेवले होते आणि रुग्ण त्यांच्यात रमत. ट्यूकच्या नातवाने, सॅम्युएलने, १८१३ साली या घराची हकीगत लिहिली. या प्राण्यांमुळे निर्मळ करमणूक तर होतेच, पण दुसऱ्याविषयी माया वाटण्याची रुग्णांची शक्तीही कधी कधी जागी होते, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं आहे. दोनशे वर्षांपूर्वीच्या व्यापारी घराण्यातल्या माणसाला हे दिसलं होतं!

पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनीही शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात लिहिलं की दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी ही उत्तम सोबत असते. त्यांची स्वतःची एक घुबडी होती. १८५० साली अथेन्समध्ये मुलांच्या तावडीतून सोडवून आणलेली. तिचं नाव अथीना.

कचेऱ्यांची गोष्ट मात्र थोडी वेगळी, व्यवहाराची आहे. १८६८ साली लंडनच्या पोस्टाच्या मनीऑर्डर कचेरीत उंदरांनी उच्छाद मांडला. तिथल्या अधिकाऱ्याने तीन मांजरं ठेवायला आठवड्याला दोन शिलिंग मागितले. वरून एक शिलिंग मंजूर झाला, आणि सहा महिन्यांत उंदीर कमी झाले नाहीत तर त्यातलेही कापू, असा शेरा आला! सरकारी कारभार सगळीकडे सारखाच. पण मांजरांची ही नेमणूक पुढे शंभराहून जास्त वर्षं चालली. लंडनच्या पोस्टाच्या मुख्य कचेरीतला मोठा बोका 'टिब्ज' १९६४ साली गेला. उंदरांसाठी आणलेलं मांजर हळूहळू कचेरीतलंच एक माणूस होऊन जातं, हे ज्यांनी कचेरीत मांजर पाहिलंय त्यांना सांगायला नको.

आता मुलांकडे येते. न्यूयॉर्कमध्ये बोरिस लेव्हिन्सन नावाचे मुलांचे मानसतज्ज्ञ होते. त्यांचा कुत्रा जिंगल्स. एकदा एक बाई आपल्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळेच्या आधीच आली. मुलगा पार मिटून गेलेला, कुणाशी बोलत नसे. एरवी रुग्ण येण्याआधी कुत्र्याला बाहेर ठेवत, त्या दिवशी ते राहून गेलं. जिंगल्स धावत गेला आणि मुलाला चाटू लागला. मुलगा घाबरेल म्हणून आई त्याला दूर करायला निघाली, पण लेव्हिन्सन यांनी तिला थांबवलं. मुलगा कुत्र्याला कुरवाळत बसला आणि जाताना, याच्याशी खेळायला पुन्हा येऊ का, असं त्यानं विचारलं. पुढचे कित्येक दिवस तो फक्त कुत्र्याशी खेळला. डॉक्टर शेजारी बसून राहिले. हळूहळू मुलाच्या बोलण्यात कुत्र्याबरोबर डॉक्टरांनाही जागा मिळाली.

१९६१ साली त्यांनी हे अमेरिकेतल्या मानसतज्ज्ञांच्या सभेत सांगितलं तेव्हा त्यांची बरीच थट्टा झाली. फीमधला वाटा कुत्र्याला देता का, असंही लोक विचारत म्हणे. खरं तर १९३०च्या दशकात खुद्द फ्रॉइडच्या खोलीत त्याची जोफी कुत्री रुग्ण बोलत असताना खाली पडलेली असे. पण ते कुणी मनावर घेतलेलं नव्हतं.

तशीच ओहायो राज्यातल्या लिमा गावची १९७५ सालची हकीगत. गुन्हेगार मनोरुग्णांचं ते इस्पितळ. तिथल्या काही रुग्णांना एक जखमी चिमणी सापडली. त्यांनी ती लपवून ठेवली, किडे पकडून तिला भरवले. एरवी एकमेकांशी न बोलणारी ही माणसं चिमणीसाठी एक झाली होती. डेव्हिड ली या समाजसेवकाच्या हे लक्षात आलं. नियमाप्रमाणे चिमणी बाहेर टाकता आली असती. त्याने तसं न करता पुढे एका वॉर्डात प्राणी ठेवले आणि तसल्याच दुसऱ्या वॉर्डाशी वर्षभर तुलना केली. प्राणी असलेल्या वॉर्डात औषधं निम्मी लागली आणि मारामाऱ्याही कमी झाल्या.

या सगळ्या गोष्टी वाचताना एक गंमत माझ्या लक्षात आली. यांतल्या बऱ्याच ठिकाणी शोध म्हणून कुणी काही केलंच नव्हतं. प्राणी आपणहून आत आला होता, आणि ज्याच्या हातात अधिकार होता त्याने त्याला हाकलून दिलं नाही, एवढंच. आधी राहू दिलं, मग नीट पाहिलं.

प्राणी काय करतो, ते नंतर मोजलं गेलं. १९८३ साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३८ मुलांना मोठ्यानं वाचायला लावून रक्तदाब तपासला. मोठ्यानं वाचताना रक्तदाब चढतो. पण खोलीत एक कुत्रा नुसता असला तरी तो कमी राहिला, आणि कुत्रा पहिल्यापासून खोलीत असला तर जास्तच फरक पडला. म्हणजे त्या परक्या खोलीचीच भीती कमी होत असावी.

१९९१ साली कॅरन ॲलन यांनी ४५ स्त्रियांना तोंडी वजाबाक्या करायला लावल्या. शेजारी जिवाभावाची मैत्रीण असली तर ताण वाढला, उत्तरंही जास्त चुकली. शेजारी स्वतःचा कुत्रा असला तर ताण वाढला नाही. हे वाचून मी कागद बाजूला ठेवला. मैत्रीण कितीही प्रेमाची असो, ती ऐकताना मनात खूण करते. कुत्रा करत नाही. सगळं मर्म यात आहे असं मला वाटतं.

व्हिएन्नात पहिलीच्या २४ मुलांच्या वर्गात काही आठवडे कुत्रा आणला गेला. २००३ साली त्याचे निष्कर्ष छापून आले: मुलांची भांडणं कमी झाली, कोपऱ्यात बसणारी मुलं मिसळू लागली, आणि मुलं शिक्षिकेकडे जास्त लक्ष देऊ लागली. मला वाटलं होतं, सगळं लक्ष कुत्र्याकडेच जाईल! अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत १९९९ सालापासून मुलांनी शिकवलेल्या कुत्र्यांपुढे पुस्तक वाचण्याचा उपक्रम सुरू झाला. आधी ग्रंथालयात, मग शाळांत. उत्तर कॅरोलायनातल्या एका कंपनीत, आणि कंपनी कसली तर चिनी मातीच्या बशा विकणारी, लोक आपापले कुत्रे कामावर आणत. २०१२ साली तिथला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवस चढेल तसा इतरांचा ताण वाढत गेला, कुत्रा बरोबर असलेल्यांचा उतरला. आपल्याकडेही २०२३ साली मुंबई विमानतळावर प्रवाशांचा जीव शांत व्हावा म्हणून असे कुत्रे आणले गेले.

आता माझी गोष्ट.

साल १९८४. एका तालुक्याच्या गावी मी सातवीची वर्गशिक्षिका होते. शाळेच्या व्हरांड्यात एक कुत्री पडून असे. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून मुलं तिला चांदी म्हणत, डब्यातला भाकरीचा तुकडा टाकत. माझ्या वर्गात एक मुलगा होता, फार तोतरा. हुशार, पण उभं राहून वाचायला सांगितलं की पहिल्याच अक्षराला अडकायचा. मान लाल व्हायची. मुलं हसायची. मी मुलांना दटावायचे आणि त्याला म्हणायचे, "घाबरू नकोस, सावकाश वाच." मला वाटायचं, मी किती समजूतदार बाई!

एकदा मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागे वाचण्याचा आवाज आला. पाहिलं तर तोच. मांडीवर पुस्तक, समोर चांदी. धडा सलग वाचत होता, एकदाही न अडखळता. मला काय वाटायला हवं होतं? आणि काय वाटलं? मला वाटलं, हा वर्गात ढोंग करतो.

दुसऱ्या दिवशी मी त्याला उभं केलं आणि साऱ्या वर्गापुढे म्हटलं, "कुत्र्यापुढे वाचता येतं ना? मग इथे का येत नाही?" वर्ग खो खो हसला. तो खाली बघत उभा राहिला. त्या आठवड्यातच शिक्षणाधिकाऱ्यांची तपासणी होती. व्हरांडा स्वच्छ दिसायला हवा म्हणून मीच शिपाईमामांना सांगितलं, चांदीला नदीपलीकडे सोडून या. हे सांगितलं ते शिक्षकांच्या खोलीत, दत्ताच्या तसबिरीखाली उभी राहून. त्या तसबिरीत चार कुत्री होती. रोज फूल वाहत होते, पण ती दिसली नाहीत.

मुलाने त्यानंतर वर्गात वाचलं नाही. नववीनंतर शाळा सोडून मामाच्या दुकानात गेला. घरची परिस्थितीही होती. माझ्यामुळेच गेला असं नाही म्हणत. पण माझ्यामुळे नाही असंही मला म्हणता येत नाही.

तोतरी माणसं एकटी असताना, गाताना किंवा जनावरांशी बोलताना पुष्कळदा अडखळत नाहीत, हे आज मला माहीत आहे. तेव्हा माहीत नव्हतं. पण नुसतं माहीत नसणं हा गुन्हा नव्हता. लेव्हिन्सनना तरी आधी कुठे माहीत होतं? ते थांबून पाहत राहिले. मी थांबले नाही.

याचा अर्थ रस्त्यावरची कुत्री शाळेत आणा, असा कुणी घेऊ नये. कुत्रा चावणं, रेबीज हे आपल्याकडचं खरं भय आहे. २०२५च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळांच्या आवारांतून भटकी कुत्री हलवण्याचा आदेश दिला तो त्याच भयापोटी. काही मुलांना कुत्र्याची मुळातच भीती वाटते, काहींना केसांनी दमा होतो. वर सांगितलेल्या वर्गांतले कुत्रे लस टोचलेले, शिकवलेले, धन्याबरोबर आलेले होते, आणि प्राण्यालाही दमणूक होते हे त्या लोकांना कळत होतं. प्रत्येक शाळेत कुत्रा हवा असं माझं म्हणणं नाही. चूक न काढता ऐकणारं कुणीतरी प्रत्येक मुलाला मिळायला हवं. शाळेत ते काम एका कुत्रीला करावं लागलं, याची लाज मला वाटायला हवी होती. तिला हाकलून मी मोकळी झाले.

गेल्या महिन्यात पुन्हा नाशिकला गेले. दुपारी नात कुत्र्यापुढे वाचत होती. मी बाहेरच्या खोलीत मेथी निवडत बसले. "प्रत्यश" ऐकू आलं. जीभ चावली आणि मेथी निवडत राहिले. तिने पूर्ण गोष्ट वाचली.

तुमच्या शाळेत, कचेरीत असं एखादं मांजर, कुत्रं होतं का? त्याला राहू कुणी दिलं, हाकललं कुणी? आठवलं तर जरूर कळवा. आणि माझ्या त्या वर्गातलं कुणी हे वाचत असेल, तर त्याचा पत्ता ठाऊक असल्यास मला सांगा. एवढंच त्याला म्हणायचं आहे की तू ढोंग करत नव्हतास.