लघुरेल्वेच्या डाखकामातील भागधारण

'''डाखकामातील भागधारण''' म्हणजे धातूचे दोन किंवा अधिक भाग डाखाने (सोल्डरने) जोडताना ते नेमक्या जागी बसवून डाख पूर्णपणे गोठेपर्यंत स्थिर ठेवणे होय. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती, म्हणजेच लघुरेल्वे, तयार करताना या क्रियेला विशेष महत्त्व येते. जोडायचे भाग अनेकदा काही मिलिमीटरचेच असतात. एका हातात सोल्डरिंग आयर्न आणि दुसऱ्या हातात डाखाची तार असल्यामुळे भाग धरायला हात शिल्लक राहत नाही. सांधा चांगला होणे जेवढे उष्णतेवर अवलंबून असते, तेवढेच ते थंड होण्याच्या काही सेकंदांतील स्थिरतेवरही असते.

== पार्श्वभूमी ==
सूक्ष्म भाग स्थिर धरून जोडण्याची गरज लघुरेल्वेच्या छंदापेक्षा फार जुनी आहे. सोनार दागिन्याचे भाग लोखंडी तारेने बांधून, टाकणखार लावून आणि फुंकणीच्या ज्योतीने तापवून जोडतात. त्या कामातील डाख लघुरेल्वेच्या डाखापेक्षा बऱ्याच अधिक तापमानाला वितळतो. परंतु आधी बांधणे आणि मग तापवणे हा क्रम दोन्हीकडे सारखाच आहे.

महाराष्ट्रात लघुरेल्वेचे सर्वांत परिचित ठिकाण म्हणजे पुण्यातील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय. ते १९९८ मध्ये लोकांसाठी खुले झाले. लघुरेल्वेत एचओ हे प्रमाण जगभर सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात मूळ वस्तूच्या १/८७ आकाराची प्रतिकृती केली जाते व रुळांमधील अंतर १६.५ मिमी असते. भारतीय ब्रॉडगेजचे १,६७६ मिमी अंतर या प्रमाणात सुमारे १९.३ मिमी येते. तरीही बाजारात मिळणारे रूळ वापरता यावेत म्हणून भारतीय गाड्यांच्या प्रतिकृती बहुधा १६.५ मिमी रुळांवरच चालवल्या जातात.

== तत्त्व ==
=== डाखाची अर्धघन अवस्था ===
६० टक्के कथील व ४० टक्के शिसे असलेला डाख १८३° से. तापमानाला वितळू लागतो आणि सुमारे १९०° से.ला पूर्ण द्रव होतो. कथील व शिसे समप्रमाणात असल्यास हा पल्ला सुमारे २१५° से.पर्यंत वाढतो. या दोन तापमानांच्या दरम्यान डाख लापशीसारखा अर्धघन असतो. त्या वेळी भाग हलला तर सांध्यात सूक्ष्म तडे पडतात व पृष्ठभाग खरबरीत होतो. असा सांधा वरून जुळलेला दिसला तरी ताण आल्यावर तुटतो आणि त्यातून वीजप्रवाहही खात्रीने जात नाही. ६३ टक्के कथील व ३७ टक्के शिसे असलेल्या डाखाला असा पल्ला नसतो. तो १८३° से.लाच वितळतो व गोठतो. म्हणून पकड अवघड असलेल्या ठिकाणी तो अधिक सोयीचा ठरतो.

=== उष्णतेची गळती ===
भाग धरणारे साधन उष्णता शोषून घेते. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची २३५, पितळेची ११० ते १२०, स्टेनलेस स्टीलची १५, तर लाकडाची ०.१ ते ०.२ वॅट प्रति मीटर केल्विन असते. त्यामुळे पितळेचा बारीक भाग ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यावर ठेवल्यास डाख नीट वितळत नाही. लाकडावर ठेवल्यास तो लगेच तापतो. हाच गुण उलट्या रीतीनेही उपयोगी पडतो. आधीचा सांधा सुटू नये म्हणून त्यावर धातूचा चिमटा लावला किंवा ओला कागद ठेवला, तर तिकडे जाणारी उष्णता वाटेतच शोषली जाते.

=== फट ===
वितळलेला डाख केशाकर्षणाने दोन भागांमधील फटीत शिरतो. त्यासाठी सुमारे ०.१ मिमी फट पुरेशी असते. भाग फार घट्ट आवळल्यास डाखाला जागा उरत नाही, तर फट मोठी राहिल्यास सांधा कमकुवत होतो. म्हणून पकड स्थिर असावी; ती जोरकस असण्याची गरज नसते.

== साधने ==
* '''उलट चिमटा''': दाबल्यावर उघडणारा व सोडल्यावर आपोआप मिटणारा चिमटा. हाताचा दाब बदलला तरी पकड बदलत नाही.
* '''तिसरा हात''': जड बैठकीवर बसवलेल्या दांड्यांना मगरचिमटे लावलेले साधन. चिमट्यांच्या दातांनी नाजूक भागांवर ओरखडे पडू नयेत म्हणून त्यांवर उष्णतारोधक नळी चढवतात.
* '''कपड्यांचे लाकडी चिमटे''': स्वस्त व उष्णता न शोषणारे. टोके तासून ती हव्या त्या आकाराची करता येतात.
* '''लाकडी फळी व टाचण्या''': सपाट पत्र्याचे भाग फळीवर ठेवून त्यांच्या कडेने टाचण्या ठोकतात.
* '''जिग''': एकसारखे अनेक भाग जोडताना प्रत्येक भाग त्याच जागी बसावा यासाठी केलेला साचा.
* '''लोखंडी तार''': सोनारी पद्धतीने भाग बांधण्यासाठी. ज्योतीवर तापवून काळ्या केलेल्या तारेला डाख सहसा चिकटत नाही.

लोहचुंबक पितळेला ओढत नसल्यामुळे त्याचा उपयोग मर्यादित आहे. शिवाय साधे निओडिमियम चुंबक सुमारे ८०° से.च्या वर तापल्यास त्यांची शक्ती घटते.

== पद्धत ==
प्रथम दोन्ही भाग घासून स्वच्छ करतात व त्यांवर राळेसारखा अभिवाह लावतात. त्यानंतर प्रत्येक भागावर डाखाचा पातळ थर चढवतात. यालाच कल्हई करणे म्हणतात. कल्हई केलेले भाग एकमेकांवर बसवून पकडले की वेगळी डाखाची तार धरावी लागत नाही व एक हात मोकळा होतो. आयर्नचे टोक टेकवून डाख वितळताच ते उचलतात. भाग मात्र डाख गोठल्यानंतरही काही सेकंद तसेच धरून ठेवतात. गोठण्याची क्रिया लवकर व्हावी म्हणून फुंकर मारणे टाळतात, कारण तेवढ्या झोताने हलका भाग सरकू शकतो.

जवळजवळ अनेक सांधे असल्यास आधी अधिक तापमानाला वितळणारा डाख व नंतर कमी तापमानाला वितळणारा डाख वापरतात. कथील-बिस्मथचा १३८° से.ला वितळणारा डाख अशा शेवटच्या सांध्यांना चालतो. परंतु शिसेयुक्त डाखात तो मिसळल्यास सांधा आणखी कमी तापमानाला सुटू शकतो.

== उदाहरण: ऐरोली स्थानकावरील वीजतारा ==
[[नवी मुंबई]]तील [[ऐरोली]] हे ठाणे खाडीकाठचे उपनगर आहे. ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावरील त्याचे स्थानक २००४ मध्ये सुरू झाले. या मार्गावरील लोकल गाड्या डोक्यावरील तारांमधून २५ किलोव्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह घेतात. अशा स्थानकाच्या एचओ प्रतिकृतीत भागधारणाची खरी कसोटी या तारांवर लागते.

भारतीय रेल्वेची संपर्कतार रुळांपासून साधारण ५.५ मीटर उंचीवर असते. प्रतिकृतीत ही उंची सुमारे ६३ मिमी होते. संपर्कतार व तिला पेलणारी वरची तार यांच्यातील खांबापाशी असलेले १.४ मीटर अंतर १६ मिमी होते. सुमारे १२ मिमी जाडीची संपर्कतार मापाप्रमाणे अवघी ०.१४ मिमी भरते. इतकी बारीक तार टिकत नसल्याने प्रत्यक्षात अधिक जाड तार वापरली जाते.

वरची तार, संपर्कतार आणि त्यांना जोडणाऱ्या उभ्या लोंबत्या तारा हाताने धरून जोडणे शक्य नसते. त्यासाठी फळीवर पूर्ण मापाची आकृती चिकटवून दोन्ही आडव्या तारा खिळ्यांमध्ये ताणतात. उभ्या तारा जागेवर ठेवून एकाआड एक सांधे करतात, म्हणजे शेजारचा सांधा तापून सुटत नाही. सर्व सांधे थंड झाल्यावरच ताण सोडतात. घाई केल्यास संपर्कतार वाकडी होते आणि गाडीचा पेंटोग्राफ तीत अडकतो.

खाडीकाठच्या दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, पितळ लवकर काळवंडते. म्हणून भाग आदल्या दिवशी न घासता जोडण्यापूर्वी लगेच घासणे इष्ट असते. छताचा पंखा चालू असल्यास आयर्नचे टोक थंड होते व हलके भाग हलतात.

== सुरक्षितता ==
राळेच्या धुरामुळे श्वसनमार्गाला त्रास होऊन दमा उद्भवू शकतो. यासाठी खिडकी उघडी ठेवतात व धूर चेहऱ्यापासून दूर जाईल अशी व्यवस्था करतात. शिसेयुक्त डाख हाताळल्यानंतर खाण्यापूर्वी हात धुणे आवश्यक असते. बोटांनी भाग धरण्याचा मोह टाळावा लागतो. पितळेचा बारीक तुकडा क्षणात चटका बसण्याइतका तापतो आणि दचकून हात हलल्यास सांधाही बिघडतो.

== हेही पाहा ==
* [[डाखकाम]]
* [[ऐरोली]]
* [[मुंबई उपनगरी रेल्वे]]